परदेशी विहारातील आगंतुक : विनयातील काही सूचना आणि आजची यात्रा

जालना, अंबड, भोकरदन, परतूर या भागांतील उपासक-उपासिकांची यात्रा एका पिढीपूर्वीपर्यंत नागपूरची दीक्षाभूमी, मुंबईची चैत्यभूमी आणि फार तर बुद्धगया-सारनाथ येथे संपत असे. आता निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि गावाकडच्या वयस्क माता-भगिनीसुद्धा लुंबिनी, अनुराधपूर, कँडी, बँकॉक येथे जाऊ लागल्या आहेत. यात्रा कंपनी त्यांना सामानाचे वजन, हॉटेलचे नाव आणि परतीच्या विमानाची वेळ सांगते. परंतु ज्या विहाराच्या दर्शनासाठी हा सारा खर्च करावयाचा, त्या विहाराच्या आवारात पाऊल कसे टाकावे, कोणाला काय विचारावे, काय करू नये, हे सांगणारे सहसा कोणी नसते. वास्तविक हा विषय फार जुना आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात ‘वत्तक्खंधक’ नावाचा एक खंधक आहे. त्याच्या आरंभीच आगंतुकाने कसे वागावे, आवासिकाने म्हणजे तेथे राहणाऱ्याने कसे वागावे आणि गमिकाने म्हणजे निघणाऱ्याने काय करावे, हे तपशीलवार सांगितले आहे. हे नियम भिक्षूंसाठी आहेत हे खरे. तथापि परदेशी जाणाऱ्या उपासकाला त्यांतून जेवढे मिळते तेवढे कोणत्याही प्रवास-मार्गदर्शिकेतून मिळणार नाही, असे आमचे मत आहे.

आपल्या प्रदेशाला दूरचा प्रवास अपरिचित नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत ‘भोगवधन’ येथील दात्यांचा उल्लेख सापडतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या जालना जिल्ह्यातील माणसांचे दान विदिशेजवळच्या त्या टेकडीपर्यंत पोहोचले होते. १९७३ च्या सुमारास तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ आणि नागपूर विद्यापीठ यांनी भोकरदन येथे केलेल्या उत्खननात हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे गेलेली असणार. ती भोकरदनच्याच कारागिरांची असावी, असेही काही अभ्यासकांनी सुचविले आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदावरीकाठच्या बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठान म्हणजे पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती असे मजल-दरमजल करीत तथागतांच्या भेटीस गेल्याचे वर्णन आहे. जिल्ह्याची दक्षिण सीमा हीच गोदावरी. त्या सोळा जणांना पारपत्राची गरज नव्हती, एवढाच काय तो फरक.

आता आगंतुकवत्ताकडे वळू. त्याची निदानकथा मोठी बोलकी आहे. काही आगंतुक भिक्षू पायांत वहाणा तशाच ठेवून, छत्री उघडी धरून, डोके झाकून विहाराच्या आवारात शिरत. पिण्याच्या पाण्याने पाय धूत. तेथील ज्येष्ठ भिक्षूंना वंदन करीत नसत आणि आपल्याला कोणती खोली आहे हेही विचारीत नसत. त्यांपैकी एकाने रिकाम्या खोलीची कडी काढून दार ढकलले आणि तो एकदम आत घुसला. वरून साप त्याच्या खांद्यावर पडला आणि तो भीतीने किंचाळला. यावर तथागतांनी जे नियम घालून दिले त्यांचा आशय असा : आवारात शिरण्यापूर्वी वहाणा काढाव्यात, त्या झटकून खाली धराव्यात, छत्री मिटावी, डोके उघडे करावे आणि घाई न करता आत जावे. तेथील लोक कोठे बसले आहेत ते पाहून एका बाजूस बसावे. पिण्याचे पाणी कोणते व वापरण्याचे कोणते ते विचारावे. पाय धुताना एका हाताने पाणी ओतावे व दुसऱ्या हाताने धुवावे. शौचाची जागा विचारावी. भिक्षेसाठी कोठे जावे आणि कोठे जाऊ नये ते विचारावे. संघाने आपसांत कोणते संकेत ठरविले आहेत, आत येण्याची व बाहेर जाण्याची वेळ कोणती, तेही विचारावे. आणि रिकाम्या खोलीचे दार आधी वाजवावे, क्षणभर थांबावे, मग उघडून बाहेरूनच आत पाहावे.

या यादीत ‘विचारावे’ हे क्रियापद किती वेळा आले ते वाचकांनी पाहावे. आगंतुकाजवळ ज्ञान असेल, वय असेल, अधिकारही असेल. परंतु या घराची रीत त्याला ठाऊक नाही. परदेशी विहारात जाणाऱ्या आपल्या उपासकाची स्थिती तंतोतंत हीच आहे. आपण बौद्ध आहोत, म्हणून बौद्ध देशातील प्रत्येक गोष्ट आपल्याला आपोआप कळेल, या समजुतीतूनच बहुतेक अवघड प्रसंग उद्भवतात.

वहाणांचा प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या समाजाच्या दृष्टीने तो साधा नाही. आपल्या वाडवडिलांना गावच्या पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. ज्याच्या घरी ही आठवण सांगितली गेली आहे, त्याला ‘येथे पादत्राणे काढा’ ही पाटी पाहून मनात काहीतरी खटकणे अस्वाभाविक नाही. या संदर्भात ब्रह्मदेशाचा इतिहास माहीत असावा. तेथील पॅगोडांच्या आवारात युरोपीय अधिकारी व प्रवासी बूट घालून वावरत. त्याविरुद्ध तेथील बौद्ध युवक संघटनांनी १९१६ नंतर जोराची चळवळ केली. थोर विद्वान लेडी सयाडो यांनी या विषयावर स्वतंत्र लेखन केले. आणि १९१९ साली, आपल्या आवारात कोणी कसे यावे हे ठरविण्याचा त्या त्या विहारप्रमुखाचा अधिकार सरकारला मान्य करावा लागला. म्हणजे तेथे अनवाणी होण्याचा आग्रह हा गुलाम केलेल्या लोकांनी राज्यकर्त्यांपुढे धरलेला स्वाभिमानाचा आग्रह होता. पाटलाच्या वाड्यासमोर एकाच जातीने वहाणा काढावयाच्या असत. विहाराच्या दारात राष्ट्राध्यक्षही काढतो. हा भेद ज्याने ध्यानात घेतला त्याला अनवाणी होताना कमीपणा वाटणार नाही. (म्यानमारमध्ये पायमोजेही काढावे लागतात. मात्र २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथे जी युद्धस्थिती उद्भवली ती पाहता, त्या देशाच्या यात्रेचा सल्ला आम्ही देणार नाही.) श्रीलंकेत दुपारी स्तूपाभोवतीची फरशी चटके देणारी असते, प्रदक्षिणा सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास करावी.

वेशाविषयी आपल्या लोकांना फारशी अडचण नसते, कारण पांढरे वस्त्र आपल्याकडेही रूढ आहे आणि श्रीलंकेत तर उपासकाचा तोच वेश. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, डोक्यावर टोपी नसावी, इतके पुरे. पण बुद्धप्रतिमेविषयीचे संकेत आपल्याकडच्यापेक्षा कडक आहेत. प्रतिमेकडे पाठ करून छायाचित्र काढणे श्रीलंकेत अनादर समजले जाते. आपल्याकडे मात्र तशी छायाचित्रे आपण सर्रास काढतो. लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात तर आत छायाचित्र काढण्यासच मनाई आहे. थायलंडमध्ये प्रतिमेपुढे बसताना पायांचे तळवे तिच्याकडे येऊ देत नाहीत, पाय मागे दुमडून बसतात. आणि कोणाच्याही, अगदी लहान मुलाच्याही, डोक्याला हात लावीत नाहीत. आपल्या तरुणांना विशेषकरून सांगावयाचे ते गोंदणाविषयी. दंडावर किंवा छातीवर बुद्धप्रतिमा गोंदवून घेणे आपल्याकडे श्रद्धेचे आणि अभिमानाचे चिन्ह आहे. श्रीलंकेत ते अवमानाचे मानले जाऊ शकते. २०१४ साली दंडावर बुद्धप्रतिमा गोंदवलेल्या एका ब्रिटिश प्रवासी स्त्रीला तेथील विमानतळावर अडवून देशाबाहेर पाठविण्यात आले. पुढे २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन भरपाई देवविली, ही गोष्ट खरी. परंतु न्याय मिळेपर्यंत यात्रा तर बुडालीच. असे गोंदण असल्यास पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. थायलंडमधून मोठी बुद्धमूर्ती आणावयाची तर तेथील ललितकला विभागाचा परवाना लागतो. तो दुकानदाराकडूनच मागून घ्यावा.

भिक्षूंशी वागण्याच्या रीतींत आपल्या माणसांना सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की, आपण हात जोडून ‘जय भीम’ म्हणतो आणि थाई भिक्षू हात जोडत नाही, नुसता पाहतो. यात तुसडेपणा नाही. भिक्षूने गृहस्थाला वंदन करावयाचे नाही, हा विनयाचा जुना दंडक तो पाळत असतो. राजाच्या वंदनालाही तो हात जोडून उत्तर देत नाही. ‘जय भीम’चा अर्थ त्याला सांगावा, आनंदाने सांगावा, पण प्रत्युत्तराची अपेक्षा ठेवू नये. थायलंडमध्ये स्त्रीने भिक्षूच्या हातात थेट वस्तू देण्याची रीत नाही. भिक्षू समोर वस्त्र पसरतो आणि ती वस्तू त्यावर ठेवावयाची असते. आपल्या उपासिका, ज्यांनी विहार उभारण्यासाठी डोक्यावर विटा वाहिल्या आहेत, त्यांना हे पाहून दुःख होते. हा स्त्रीला अशुद्ध मानण्याचा प्रकार आहे काय, असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. भिक्षूने हेतुपुरस्सर स्त्रीस्पर्श टाळावा हा विनयनियम आहे आणि तो भिक्षूच्या ब्रह्मचर्यासाठी आहे; थेट वस्तू न घेणे ही त्यापुढे वाढलेली स्थानिक काळजी. परंतु मंडालेच्या महामुनी प्रतिमेला सोन्याचा वर्ख लावण्यासाठी केवळ पुरुषांनी जवळ जावे, यांसारख्या प्रथांना आम्ही असे समर्थन देऊ शकत नाही. त्या देशाचाराच्या गोष्टी आहेत, त्यांना बुद्धवचनाचा आधार नाही, आणि उपासिकेने तसे समजण्यात काहीही गैर नाही.

भोजनदान द्यावयाचे तर ते मध्यान्हापूर्वी. थेरवादी भिक्षू त्यानंतर घन आहार घेत नाहीत. त्यांच्या पात्रात मांस दिसल्यास आश्चर्य वाटू देऊ नये; आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा तशी शंका आलेली नसेल, तर ते मांस स्वीकारता येते, अशी त्रिकोटिपरिशुद्धीची मर्यादा मज्झिमनिकायातील जीवकसुत्तात आहे. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा ही सार्वजनिक सुटी असते, तिला ‘पोय’ म्हणतात, म्हणजे आपला उपोसथ. त्या दिवशी मद्यविक्री बंद, पांढऱ्या वस्त्रातील उपासक-उपासिका दिवसभर अष्टशील घेऊन विहारात बसलेल्या. यात्रेचा दिवस निवडता येत असेल तर हाच निवडावा. वैशाख पौर्णिमेच्या सुमारास रस्तोरस्ती ‘दन्सल’ म्हणजे मोफत अन्नदानाचे मांडव असतात. रांगेत उभे राहून निःसंकोच जेवावे.

आता त्या गोष्टीकडे येऊ, जी कोणतीही यात्रा कंपनी सांगणार नाही. श्रीलंकेतील अनेक विहारांच्या आवारात विष्णूचे व कतरगाम देवाचे देवालय असते. बँकॉकच्या भर चौकात ब्रह्मदेवाच्या मूर्तीपुढे हार आणि उदबत्त्या यांची दाटी असते. घराघरांपुढे भूमिदेवतेची खांबावरची छोटी घरकुले दिसतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेला आपला उपासक येथे थबकतो. ज्या देवांना सोडून आपण धम्मात आलो तेच देव विहाराच्या भिंतीलगत उभे! काही जण संतापून मार्गदर्शकाशी वाद घालतात; काही जण भिडेखातर हात जोडतात आणि नंतर मनाला लावून घेतात. आमच्या मते दोन्हींची आवश्यकता नाही. तेथे हात जोडण्याची सक्ती कोणावरही नसते. नम्रपणे बाजूला उभे राहावे. प्रतिज्ञा ज्याने घेतली त्याला ती बांधते, आणि ती परदेशातही बांधते. दुसऱ्याच्या अंगणात तिचे प्रवचन करावयाचे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि पहिल्या दिवशी तरी त्याचे उत्तर ‘नाही’ असेच असावे.

जातीविषयीही हेच. श्रीलंकेत १७५३ साली सयामहून आलेल्या उपाली थेरांच्या हस्ते उपसंपदा पुन्हा सुरू होऊन सियाम निकाय स्थापन झाला. पण पुढे त्या निकायातील उपसंपदा गोविगम या वरिष्ठ गणल्या गेलेल्या जातीपुरती मर्यादित झाली. ती नाकारल्या गेलेल्यांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन अमरपूर निकायाचा पाया घातला. ही माहिती लपविण्यासारखी नाही. ज्याने जातीचा दाह सोसला आहे त्याने ती आधी वाचून जावे, म्हणजे तेथे गेल्यावर धक्का बसणार नाही आणि प्रश्नही योग्य शब्दांत विचारता येईल. बाबासाहेब १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने कँडीला गेले, ते मुख्यतः पाहण्यासाठी : तेथील विधी कसे चालतात, धम्म किती शुद्ध राहिला आहे, तो लोकांच्या जीवनात जिवंत आहे की नाही. १९५४ मध्ये ते रंगूनला आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला गेले. डोळे उघडे ठेवून, भारावून न जाता, पण आदराने पाहणे हा त्यांचा प्रवास होता.

भाषेच्या बाबतीत मात्र एक अपूर्व आनंद वाट पाहत असतो. सिंहली, थाई, नेपाळी यांपैकी एकही भाषा येत नसलेली अंबड तालुक्यातील आजी तेथील उपासिकेशेजारी बसून त्रिशरण-पंचशील म्हणू शकते. शब्द तेच, क्रम तोच. फक्त उच्चार वेगळे, आणि त्यांची थोडी ओळख हवी. श्रीलंकेत अनुस्वाराचा उच्चार ‘ङ्’ असा होतो, म्हणून ‘बुद्धङ् सरणङ् गच्छामि’ ऐकू येते. थायलंडमध्ये ग, द, ब हे वर्ण कठोर व महाप्राण होतात. तेथे तेच वाक्य ‘फुत्थङ् सरणङ् खच्छामि’ असे कानी पडते आणि पालीच आहे यावर प्रथम विश्वास बसत नाही. ब्रह्मी उच्चारात ‘स’चा ‘थ’सारखा ध्वनी होतो. त्यामुळे आपला ‘साधु’ थाई मुखात ‘साथु’ आणि ब्रह्मी मुखात ‘थादु’ होतो. कोणाचा उच्चार शुद्ध, हा वाद तेथे काढू नये. आपल्याही ‘ञ’ आणि ‘ळ’ यांची अवस्था फार अभिमान बाळगण्यासारखी नाही. आवाज थोडा खाली ठेवून त्यांच्या चालीत मिसळावे.

कालगणनेतही गंमत आहे. बुद्धवर्ष २५०० भारतात व श्रीलंकेत १९५६ मध्ये साजरे झाले. त्याच वर्षी नागपूरची धम्मदीक्षा झाली. थायलंडने ते १९५७ मध्ये साजरे केले, कारण तेथे परिनिर्वाणानंतरचे पूर्ण झालेले वर्ष मोजतात. याचा व्यवहारात उपयोग असा की थायलंडमध्ये पावतीवर, तिकिटावर, कधी औषधाच्या वेष्टनावरही बुद्धवर्षच असते. त्यातून ५४३ वजा करावेत; २५६९ म्हणजे २०२६. औषधाची मुदत पाहून घाबरण्याचे कारण नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. पारपत्राची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक असावी. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर बहुधा उत्प्रवास-तपासणीचा शिक्का असतो आणि त्या यादीतील देशांत थायलंड आहे. हे बंधन नोकरीसाठी जाणाऱ्यांकरिता आहे, यात्रेकरूंकरिता नाही. तरी परतीचे तिकीट हाताशी ठेवावे. पन्नाशी ओलांडलेल्यांना या शिक्क्यातून सूट मिळते, हे आपल्या कित्येक मातांना ठाऊक नसते. लुंबिनीसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. गोरखपूर, सोनौली, भैरहवा हा नेहमीचा मार्ग. पारपत्र नसल्यास मतदार ओळखपत्र चालते. आधारकार्ड मात्र पंधरा वर्षांखालील व पासष्ट वर्षांवरील व्यक्तींचेच ग्राह्य धरतात. व्हिसा आणि चलन यांचे नियम वारंवार बदलतात, तेव्हा ते निघण्यापूर्वी संबंधित दूतावासाकडूनच विचारून घ्यावेत.

आवासिकवत्ताबद्दलही लिहिले पाहिजे, कारण अजिंठा-वेरूळला येणारे परदेशी भिक्षू व उपासक आपल्या विहारांतही येतात. आवासिकाने आगंतुकासाठी आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, पुढे जाऊन पात्र-चीवर घ्यावे, पिण्याचे पाणी विचारावे, शौचाची जागा दाखवावी, असे विनय सांगतो. आपण काय करतो? पाहुण्या भन्तेंना साडेदहाला व्यासपीठावर बसवितो, अकरा जणांची स्वागताची भाषणे होतात, आणि भोजन वाढले जाते तेव्हा एक वाजलेला असतो. भन्ते हसतमुखाने उपाशी राहतात. आधी भोजन, मग भाषणे, एवढा बदल केला तरी आवासिकवत्ताचा मोठा भाग पाळला जाईल.

गमिकवत्त लहान आहे. निघणाऱ्याने लाकडी व मातीची भांडी जागच्या जागी लावावीत, दारे-खिडक्या बंद कराव्यात आणि तेथील भिक्षूला सांगून खोली सोपवावी. भिक्षू नसेल तर सामणेराला सांगावे, तोही नसेल तर विहाराच्या सेवकाला. कोणीच नसेल तर चार दगडांवर खाट ठेवून तीवर सामान रचावे, म्हणजे वाळवी लागणार नाही. लुंबिनीच्या यात्रीनिवासातून पहाटेच्या गाडीसाठी निघणाऱ्या आपल्या मंडळींनी निदान गाद्या घडी करून, दिवे मालवून, किल्ली कोणाच्या तरी हातात द्यावी.